अमेरिकेतलं फेडरल निधीचं रस्तेकाम: कोणता कागद, कधी आणि कोणाच्या सहीने

अमेरिकेत एखाद्या रस्त्याला फेडरल निधी मंजूर झाला म्हणजे काउंटीच्या खात्यात पैसे आले, असं नसतं. काउंटी किंवा सिटी आधी स्वतःच्या खिशातून खर्च करते आणि राज्याच्या परिवहन विभागाकडे, म्हणजे डीओटीकडे, बिल पाठवते. नियमात बसणाऱ्या खर्चाचा ठरलेला हिस्सा मग फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडून, म्हणजे एफएचडब्ल्यूएकडून, परत मिळतो. बहुतेक योजनांत हा हिस्सा ८० टक्के असतो, इंटरस्टेटवर साधारण ९० टक्के. कागदात खोट निघते तेव्हा बहुतेकदा रस्ता वाहता झालेला असतो, कंत्राटदाराचे पैसे चुकते झालेले असतात, आणि अडकतो तो फक्त परतावा. तो भुर्दंड गावाच्या तिजोरीवर पडतो.

सिटी, काउंटी किंवा कन्सल्टन्सीत काम करणाऱ्या आणि असा प्रोजेक्ट पहिल्यांदाच सांभाळणाऱ्या मराठी इंजिनिअरांसाठी ही मांडणी आहे. फॉर्मची नावं राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात कॅलट्रान्सच्या, म्हणजे तिथल्या डीओटीच्या, मंजुरीला सगळे 'ई-७६' म्हणतात, दुसऱ्या राज्यात त्याच कागदाला वेगळं नाव असेल. पाया मात्र सगळीकडे एकच: फेडरल नियमसंहितेचं टायटल २३, आणि पैशाच्या हिशोबासाठी टायटल २ चा भाग २००. आपल्या राज्याचं लोकल एजन्सी मॅन्युअल टेबलावर हवंच.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. ऑडिटर फाइल उघडतो तेव्हा 'कागद आहे का' हे तो बघतोच, पण त्याआधी तारीख बघतो. मंजुरी आधी आणि काम नंतर, हा क्रम जिथे उलटा झाला तिथला खर्च बाद होतो. मागून कितीही सुबक पत्र जोडलं तरी तो सहसा परत येत नाही.

जबाबदार माणूस: पगारावरचा, भाड्याचा नव्हे

काम स्थानिक संस्था राबवत असेल तर तिच्या पूर्णवेळ कर्मचाऱ्यांपैकी एकजण प्रोजेक्टचा जबाबदार म्हणून नेमावा लागतो. तो इंजिनिअरच असावा असं बंधन नाही, आणि एकाच माणसाकडे अनेक प्रोजेक्ट असले तरी चालतात. कन्सल्टंटला मात्र ही जागा देता येत नाही. कन्सल्टंट रोजची पाहणी करेल, बिलं तयार करेल, पण चेंज ऑर्डर, म्हणजे कंत्राटातला बदल, मान्य करणं, खर्च योग्य आहे असं म्हणणं आणि साइटवर काय चाललंय याची माहिती ठेवणं हे एजन्सीच्या माणसाचं काम. नेमणुकीचं पत्र फाइलमध्ये पहिलं लावा. माणूस बदलला की त्याच आठवड्यात नवं पत्र.

खर्चाला मंजुरी, टप्प्याटप्प्याने

प्रोजेक्ट आधी महानगर नियोजन संस्थेच्या टिपमध्ये (निधी मिळणाऱ्या कामांच्या यादीत) आणि राज्याच्या स्टिपमध्ये (राज्यभरच्या तशाच यादीत) हवा. स्टिप किमान ४ वर्षांचा असतो. तिथलं नाव, हद्द, रक्कम आणि टप्पा तुमच्या अर्जाशी जुळला पाहिजे. यादीत 'एल्म स्ट्रीट, १ ते ५ क्रमांकाचे चौक' असेल आणि अर्जात ७ पर्यंत, तर अर्ज परत येतो आणि दुरुस्तीत महिने जातात.

यादीत नाव आलं म्हणजे खर्चाला मुभा मिळाली, असा समज फार महागात पडतो. प्राथमिक डिझाइन, जमीन आणि बांधकाम या प्रत्येक टप्प्याला वेगळं ऑथोरायझेशन, म्हणजे खर्चाची मंजुरी, लागतं. ऑथोरायझेशनच्या तारखेआधी झालेला त्या टप्प्याचा खर्च फेडरल पैशातून मिळत नाही. डिझाइनला मंजुरी ११ मार्चची असेल तर सर्व्हेअरचं ४ मार्चचं बिल तुमचं.

मंजुरीच्या कागदावर प्रोजेक्टची शेवटची तारीखही असते. तिच्यानंतर झालेला खर्चही बाद. काम लांबतंय असं दिसलं की ती तारीख उलटण्याआधी मुदतवाढ मागा. कॅलेंडरमध्ये तिची आठवण ६ महिने आधीची लावा, कारण राज्याच्या टेबलावरही कागद थांबतो.

कन्सल्टंटची निवड

डिझाइन आणि इंजिनिअरिंगच्या कामात किंमत हा निवडीचा निकष ठेवता येत नाही. ब्रूक्स कायद्यानुसार आधी पात्रतेवर क्रम लावायचा, मग पहिल्या क्रमांकाशी दरावर बोलणी करायची. बोलणीआधी एजन्सीने स्वतःचा खर्चाचा अंदाज तयार केलेला असावा आणि त्यावर तारीख असावी. गुणपत्रिका, बोलणीची टिपणं, ओव्हरहेड दराचा पुरावा हे सगळं फाइलमध्ये ठेवायचं. बांधकाम खर्चाच्या अमुक टक्के फी किंवा खर्चावर टक्केवारीने नफा, असे करार इथे चालत नाहीत. स्वतःच्या पैशाच्या कामाला वर्षानुवर्षं वापरलेला साचा जिथे तसाच उचलला जातो, तिथे हमखास हेच कलम सापडतं.

पर्यावरण मंजुरी

नेपाची, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याखालची, मंजुरी येईपर्यंत अंतिम डिझाइन आणि जमीन खरेदी सुरू करायची नाही. मालकाच्या हार्डशिपसारखे (अडचणीसारखे) मोजके अपवाद आहेत, पण त्यांनाही आधी परवानगी लागते. बहुतेक लहान कामं कॅटेगॉरिकल एक्स्क्लूजनमध्ये, म्हणजे सविस्तर अभ्यासातून सूट असलेल्या वर्गात, बसतात. बसली तरी ऐतिहासिक वास्तूंसाठी कलम १०६, उद्यानं आणि ऐतिहासिक स्थळांसाठी कलम ४(एफ), आणि धोक्यात आलेल्या प्रजातींची तपासणी यांचे कागद वेगळे असतात. राज्याच्या वारसा अधिकाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवस द्यावे लागतात, ते वेळापत्रकात धरा.

इथे खरा घोटाळा मंजुरीनंतर होतो. फूटपाथ २ फुटांनी रुंद केला, पावसाच्या पाण्याची टाकी दुसऱ्या प्लॉटवर हलवली, आणि पर्यावरण विभागाला कोणी कळवलंच नाही. हद्द किंवा कामाचं स्वरूप बदललं की पुनर्मूल्यांकनाची नोंद हवी, टेंडरआधी हवी. मंजुरीत दिलेल्या अटी, म्हणजे घरट्यांच्या हंगामात झाडं न तोडणं वगैरे, टेंडरच्या कलमांत उतरल्या का हेही तपासा. मंजुरी एका फाइलमध्ये आणि कंत्राट दुसऱ्या फाइलमध्ये राहिलं की साइटवरच्या माणसाला त्या अटी कधीच कळत नाहीत.

जमीन

जमीन घेण्याविषयीचा १९७० चा युनिफॉर्म कायदा लागू होतो तो फेडरल पैसा प्रोजेक्टच्या कुठल्याही टप्प्यात असला तरी. जमीन संपूर्ण स्थानिक पैशाने घेतली आणि फक्त बांधकामाला फेडरल निधी लावला, तरी खरेदी याच कायद्याप्रमाणे झालेली असावी लागते. 'आमची जमीन, आमचा पैसा' म्हणून थेट सौदा केला आणि नंतर फेडरल निधी मिळाला, तर तो जुना सौदाच प्रोजेक्टच्या आड येऊ शकतो.

क्रम असा: मूल्यांकन, त्याचं पुनरावलोकन, एजन्सीने ठरवलेली योग्य मोबदल्याची रक्कम, लेखी ऑफर, बोलणी, रक्कम अदा करणं आणि मग ताबा. मूल्यांकनकार पाहणीला जाताना मालकाला सोबत येण्याचं निमंत्रण द्यावं लागतं, त्या पत्राची प्रत ठेवा. साध्या, कमी किमतीच्या तुकड्यांना पूर्ण मूल्यांकनाऐवजी सोपी पद्धत वापरता येते. तिची मूळ मर्यादा २०२४ मध्ये १०,००० वरून १५,००० डॉलर झाली. मालक जमीन दान देणार असेल तरी योग्य मोबदला मिळण्याचा त्याला हक्क आहे हे लेखी सांगायचं, आणि तो समजून त्याने दान दिल्याची सही घ्यायची. घर किंवा दुकान रिकामं करायचं असेल तर किमान ९० दिवसांची लेखी सूचना.

प्रत्येक प्लॉटसाठी संपर्काची एक वही ठेवा: कोणत्या दिवशी कोण भेटलं, काय बोललं, मालकाने काय मागितलं, आपण काय उत्तर दिलं. ऑफरपेक्षा जास्त रकमेला सौदा झाला तर तो का वाजवी होता याचं टिपण हवं. समोर एक कुटुंब असतं, ज्याचं अंगण किंवा दुकानाची वाट जाते आहे. त्याला न्याय्य वागणूक मिळाली हे दाखवणारा कागद म्हणजे ही वही, तेव्हा ती मन लावून लिहा.

शेवटी राइट-ऑफ-वेचं, म्हणजे रस्त्याच्या जमिनीचं, सर्टिफिकेट. सगळी जमीन ताब्यात असेल तर पहिल्या प्रकारचं. काही प्लॉटचे व्यवहार बाकी, पण वापरण्याचा हक्क मिळालेला असेल तर दुसऱ्या प्रकारचं. तिसरा प्रकार अपवादात्मक, आणि त्याच्या भरवशावर वेळापत्रक आखू नये. वीज, पाणी, गॅस आणि रेल्वे यांच्याशी झालेली व्यवस्थाही याच वेळी दाखवावी लागते.

टेंडर

बांधकामाचं ऑथोरायझेशन येण्याआधी जाहिरात देता येत नाही. ही चूक दुरुस्त करायला बहुतेकदा एकच मार्ग उरतो: टेंडर रद्द करून पुन्हा काढणं. जाहिरात किमान ३ आठवडे चालू ठेवायची.

टेंडरच्या कागदपत्रांत या गोष्टी स्वतः पानं उलटून तपासा:

- फेडरल कंत्राटाच्या सक्तीच्या अटींचा एफएचडब्ल्यूए-१२७३ हा फॉर्म प्रत्यक्ष जोडलेला हवा. 'संदर्भाने समाविष्ट' असं लिहून भागत नाही. मुख्य कंत्राटातही हवा आणि प्रत्येक उपकंत्राटातही.
- डेव्हिस-बेकनचा (किमान मजुरीच्या कायद्याचा) वेतन निर्णय, म्हणजे मजुरीच्या दरांचा तक्ता: योग्य काउंटीचा, योग्य प्रकारच्या बांधकामाचा, चालू आवृत्तीचा. निविदा उघडण्याच्या १० दिवस किंवा त्याहून आधी सुधारणा प्रसिद्ध झाली असेल तर ती परिशिष्ट काढून घालावीच लागते. म्हणून उघडण्याच्या १० दिवस आधी वेतन निर्णयांचं संकेतस्थळ बघा आणि पान छापून त्यावर तारीख टाका.
- संगनमत न केल्याचं निवेदन.
- स्थानिक कंत्राटदाराला झुकतं माप देणारं कलम नको. नगर परिषदेचा तसा ठराव असला तरी इथे तो बाजूला ठेवावा लागतो.
- डीबीईचं, म्हणजे वंचितांच्या मालकीच्या लहान कंपन्यांना संधी देणारं, कलम. ३ ऑक्टोबर २०२५ च्या अंतरिम नियमाने वंश आणि लिंगावरून वंचित समजण्याचं गृहीतक काढून टाकलं आणि सगळ्या कंपन्यांची पात्रता नव्याने तपासायला सांगितली. त्यामुळे मागच्या टेंडरमधलं कलम जसंच्या तसं चिकटवू नका, राज्याकडून ताजा मजकूर घ्या.

निविदा उघडल्यावर इंजिनिअरच्या अंदाजाशी तुलना करून टिपण लिहा. एखाद्या बाबीचा दर विचित्र दिसला तर तिचं परिमाण पुन्हा तपासा, कारण असमतोल निविदेत कंत्राटदाराला आपल्या परिमाणातली चूक आधीच दिसलेली असते. सॅम डॉट गव्ह या फेडरल संकेतस्थळावर कंपनी काळ्या यादीत नाही हे पाहून त्या दिवशीची प्रत ठेवा. राज्याची संमती लागत असेल तर ती येईपर्यंत वर्क ऑर्डर देऊ नका.

बांधकाम: रोज उठून करायचे कागद

महाराष्ट्रात पीडब्ल्यूडीत काम केलेल्यांना मोजमाप पुस्तकाची, एमबीची, शिस्त माहीत असते. एमबीवर सही नाही तर बिल नाही. इथे तसं एकच बांधलेलं पुस्तक सगळीकडे दिसणार नाही, पण अपेक्षा तीच आहे: बिलातल्या प्रत्येक आकड्यामागे मूळ नोंद हवी. गार्डरेल (रस्त्याकडेचा पोलादी कठडा) ४२० फूट दिलं असेल तर कोणत्या स्टेशनपासून (रस्त्यावरच्या अंतरखुणेपासून) कोणत्या स्टेशनपर्यंत, कोणी मोजलं, कधी मोजलं, सही कोणाची. डांबराचं बिल टनावर असेल तर प्रत्येक ट्रकचं वजनाचं तिकीट हवं आणि त्यावर माल उतरताना हजर असलेल्या इन्स्पेक्टरची सही. महिनाअखेरीला कंत्राटदाराच्या कागदावरून आकडे उतरवून घेतले तर ती मोजणी धरली जात नाही.

*वेतनपत्रकं.* फेडरल-एड रस्त्यांच्या हद्दीतल्या २,००० डॉलरवरच्या कंत्राटांना डेव्हिस-बेकन लागू होतो. लोकल रोड आणि ग्रामीण मायनर कलेक्टर म्हणून वर्गीकृत रस्ते साधारणपणे त्यातून वगळले आहेत. मुख्य आणि उपकंत्राटदाराने मजुरांना दर आठवड्याला पगार द्यायचा आणि पगाराच्या दिवसापासून ७ दिवसांत प्रमाणित पत्रक सादर करायचं. डब्ल्यूएच-३४७ हा त्यासाठीचा सरकारी नमुना. तोच वापरायची सक्ती नाही, पण त्यातली सगळी माहिती आणि सहीचं अनुपालन निवेदन हवंच.

पत्रक हाती आलं की ते नुसतं फाइलला लावू नका. शेजारी त्या आठवड्याची साइट डायरी उघडा. समजा मंगळवारी डायरीत लिहिलंय: गार्डरेलची टोळी, ४ माणसं, त्यांतला एक खांब ठोकायच्या यंत्रावर. पत्रकात मंगळवारी ३ नावं आहेत आणि तिघंही 'लेबरर'. म्हणजे यंत्र चालवणाऱ्याला ऑपरेटरचा दर मिळालेला नाही, आणि एक माणूस पत्रकातच नाही. तो बहुधा उपकंत्राटदाराच्याही खालच्या कोणाचा तरी असतो, ज्याची परवानगीच घेतलेली नाही. दर आठवड्याला १५ मिनिटं दिली तर हे तिसऱ्या आठवड्यात सापडतं. नाही दिली तर २ वर्षांनी ऑडिटरला सापडतं, आणि तोवर तो मजूर दुसऱ्या राज्यात गेलेला असतो. त्याचे बुडालेले पैसे त्याला मिळवून देणं तेव्हा फार अवघड होतं.

पत्रकात आणखी बघायचं: मूळ दर अधिक फ्रिंज (भत्ते आणि लाभ) मिळून वेतन निर्णयाइतके होतात का, ४० तासांवर दीडपट दिलंय का, कपातींचं कारण लिहिलंय का. मजुराचा पूर्ण सोशल सिक्युरिटी क्रमांक पत्रकावर नसावा; शेवटचे ४ अंक पुरतात. पत्रकाशिवाय मजुरांच्या प्रत्यक्ष मुलाखती घ्या, मुकादम दूर असताना घ्या. स्पॅनिश बोलणारी टोळी असेल तर स्पॅनिश जाणणारा माणूस न्या. वेतन निर्णय आणि खोट्या निवेदनाविषयीची एफएचडब्ल्यूए-१०२२ ही सूचना साइटवर पावसात न भिजणाऱ्या फळ्यावर लावलेली हवी, आणि फळ्याचा तारखेसह फोटो फाइलमध्ये.

*पोलाद.* बाय अमेरिकाच्या (अमेरिकी माल वापरण्याच्या) नियमाने कायमस्वरूपी बसणाऱ्या पोलाद आणि लोखंडाची सगळी उत्पादन प्रक्रिया अमेरिकेत झालेली हवी. वितळवणं, रोलिंग, वाकवणं, भोकं पाडणं, आणि वरचा लेपसुद्धा. अमेरिकेत वितळलेलं पोलाद गॅल्व्हनायझिंगसाठी कॅनडात जाऊन आलं तर ते विदेशी ठरतं. सूट आहे ती कंत्राटाच्या एकूण रकमेच्या ०.१ टक्का किंवा २,५०० डॉलर, यांतलं जे जास्त असेल तेवढ्याच मालाला. तिची मोजदाद पहिल्या बोल्टपासून ठेवावी लागते.

कागद बघताना मिलच्या चाचणी अहवालावरचा हीट नंबर, म्हणजे वितळवलेल्या खेपेचा क्रमांक, घ्या, तो मालावरच्या शिक्क्याशी किंवा टॅगशी जुळवा, मग पुढच्या प्रत्येक प्रक्रियेचं प्रमाणपत्र साखळीसारखं लावा. गार्डरेलच्या पत्र्याचे कागद बहुतेक वेळा मिळतात. राहतात ते नट-बोल्ट. माल बसवण्याआधी कागद हवा, कारण बसवलेलं उखडायला लावणं कोणालाच परवडत नाही. आणि एक सापळा: २०१२ च्या मॅप-२१ कायद्यापासून एकाच नेपा मंजुरीखालच्या सगळ्या कंत्राटांना हा नियम लागतो, त्यांतल्या एकातच फेडरल पैसा असला तरी. वीज कंपनीने स्वखर्चाने हलवलेले पोलादी खांबही त्यात येऊ शकतात. १० नोव्हेंबर २०२२ पासून लाकूड, काच, प्लास्टिकचे पाइप, ऑप्टिकल फायबर, अ‍ॅल्युमिनियमसारखे धातू अशा बांधकाम साहित्यालाही वेगळ्या कायद्याने अशीच अट आली. कारखान्यात बनलेल्या तयार वस्तूंना पूर्वी सरसकट सूट होती, तीही टप्प्याटप्प्याने काढली जात आहे, म्हणून सिग्नलचे कंट्रोलर वगैरे मागवण्याआधी राज्याला लेखी विचारा.

*चेंज ऑर्डर.* कामाआधी मंजुरी. तातडीची वेळ आली तर तोंडी संमती घ्या, पण कोणी, किती वाजता दिली हे त्याच दिवशी ईमेलने पक्कं करा. बोलणीने ठरलेल्या प्रत्येक बदलासोबत खर्चाचं विश्लेषण लागतं: मजुरीचे तास, यंत्राचा दर, मालाचं कोटेशन, शिवाय एजन्सीचा स्वतंत्र अंदाज. 'दर वाजवी वाटतो' हे विश्लेषण नव्हे. बदलामुळे दिवस वाढतात की नाही हेही तिथेच लिहा; शून्य दिवस असतील तर शून्य लिहा. जागा मोकळी सोडली की शेवटी दावा येतो. डिझाइनमधली चूक किंवा गावाला हवी असलेली जादा शोभा यांसाठीचा खर्च फेडरल पैशात बसेलच असं नाही, ते बदलाच्या वेळीच ठरवून घ्या.

*बाकीचं थोडक्यात.* मुख्य कंत्राटदाराने मूळ कंत्राटाचं किमान ३० टक्के काम स्वतःच्या माणसांनी करायचं. विशेष बाबी त्यातून वजा होतात. आपल्याला पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने उपकंत्राटदाराला द्यायचे, आणि उपकंत्राटदाराचं काम समाधानकारक पूर्ण झालं की त्याची राखीव रक्कमही ३० दिवसांत. चाचण्यांसाठी पात्र तंत्रज्ञ, त्यांची चालू प्रमाणपत्रं आणि किती टनाला किती नमुने याचा तक्ता हवा. नापास नमुन्याशेजारी पुढे काय केलं याची नोंद नसेल, तर तो नमुना तसाच उघडा पडून राहतो.

बिल आणि क्लोजआउट

राज्याला बिलं नियमित पाठवा. १२ महिने एकही बिल गेलं नाही तर प्रोजेक्ट निष्क्रिय यादीत जातो आणि पैसे काढून घेतले जाण्याची वेळ येते. बिलासोबत खर्च झाल्याचा आणि पैसे दिल्याचा असे दोन्ही पुरावे लावा. टेंडर अंदाजापेक्षा बरंच कमी आलं तर उरलेला निधी लगेच मोकळा करा, तो दुसऱ्या रस्त्याला लागतो.

काम संपल्यावर अंतिम पाहणी, स्वीकृतीचं पत्र, मालाचं प्रमाणपत्र, पूर्ण झालेल्या सगळ्या चेंज ऑर्डर, न मिटलेल्या दाव्यांची यादी, मुदत उलटली असेल तर दंडाचा हिशोब आणि अंतिम बिल. मालाच्या प्रमाणपत्रात अपवाद असतील ते स्पष्ट लिहा. लपवलेला अपवाद उघड केलेल्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतो. हे सगळं इन्स्पेक्टर साइटवर असतानाच गोळा करायला लागा, कारण तो पुढच्या कामावर गेला की त्याच्या डायरीतल्या अर्धवट नोंदींचा अर्थ दुसऱ्या कोणाला लागत नाही.

संस्थेने त्या आर्थिक वर्षात सगळ्या फेडरल योजना मिळून १०,००,००० डॉलर किंवा जास्त खर्च केले असतील तर सिंगल ऑडिट, म्हणजे सगळ्या फेडरल पैशाचं एकत्र ऑडिट, लागतं. १ ऑक्टोबर २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी ही मर्यादा आहे, त्याआधी ती ७,५०,००० होती. कागद अंतिम खर्च अहवालापासून ३ वर्षं जपायचे. ही ३ वर्षं रस्ता खुला झाल्याच्या दिवसापासून मोजायची नाहीत, आणि अंतिम अहवाल पुष्कळदा बऱ्याच महिन्यांनी जातो. दावा किंवा ऑडिट चालू असेल तर तो मिटेपर्यंत मुदत वाढते, आणि राज्याचा नियम जास्त वर्षांचा असेल तर तोच धरायचा. खोक्यावर प्रोजेक्ट क्रमांकाबरोबर नष्ट करण्याची सर्वांत लवकरची तारीखही लिहून ठेवा.